नमुन्याचं कापड

३ मार्च २०१३, रविवार
टकर्स बेंड, अलाबामा

डॉयल,

तीन ओळी. सात वर्षांनी सख्ख्या बहिणीला तीन ओळी, त्याही छापलेल्या, आणि वर काय, तर "श्रीमती प्रुइट यांस". कोण रे ही श्रीमती प्रुइट? तुला गोवर आला तेव्हा खिडक्यांना गोधड्या लावून आठ दिवस तुझ्या उशाशी बसली होती ती बाई? आई गेल्यावर तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, ती? कोलोरॅडोत अग्निबाणवाल्यांच्या कचेरीतल्या हवेत माणूस इतका गोठतो हे मला ठाऊक नव्हतं.

"आपण नोंदवलेल्या हरकतीची दखल घेण्यात आली आहे. संबंधित साक्षतुकड्याचा निकाल प्रमाणापेक्षा बराच वर आहे. नियमावलीनुसार पुढील तपासणीचे कारण दिसत नाही." आणि खाली तुझी सही. ती सही मी शिकवली तुला. टेबलावर पीठ पसरून, त्यात बोट फिरवून. 'डी'चं पोट मोठं काढ म्हटलं होतं. अजून मोठंच काढतोस.

आठवीत शाळा सुटली माझी, आणि कुणासाठी सुटली ते तुला माहीत आहे. तेव्हा हे अक्षर बघून नाक मुरडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

आधी हे ऐक, की हरकत मी तुझ्याकडे पाठवलीच नव्हती. मी ती आमच्या तपासणीच्या साहेबाला, त्या केंडलला दिली. फेब्रुवारीच्या एकवीस तारखेला. दुसऱ्या दिवशी शिंपला ट्रकवर चढून फ्लोरिडाला जाणार होता. दोन शिंपले जोडले की अग्निबाणाच्या नाकावरचं कवच होतं, त्यातला हा डावा. रंग लागायच्या आधी मी सवयीप्रमाणे त्याच्यावरून हात फिरवला आणि वाजवून बघितला. केंडलच्या टेबलापुढे उभी राहून सांगितलं, "शिंपल्यातल्या दाराच्या डावीकडे, कडेपासून तीन वीत, ताटाएवढी जागा बद्द वाजतेय. बाकी सगळा खणखणीत आहे."

"कशानं वाजवलात, मिस नेल्डा?"

मी बोट वर केलं. बोटाच्या टोकावर शिवणाचं, आईचं अंगुस्तान. दुसरं काय असणार? शर्टाच्या गिरणीतून आलेल्या आम्ही सगळ्याच अंगुस्तानानं वाजवतो.

तो हसला असता तर बरं झालं असतं. चर्चमध्ये म्हाताऱ्या बायकांशी बोलतात तसा बोलला. "मॅडम, अंगुस्तान हे काही मोजमापाचं यंत्र नाही."

मागून माझ्याच टेबलावरची आर्वेला म्हणाली, "आणि तुमच्या यंत्रानं तिथं बघितलंय का, साहेब?"

"नियमात बसतं तेवढं बघितलंय."

"म्हणजे दहातला एक भाग."

"तेवढा पुरतो, मिस आर्वेला. बाकीचं साक्षतुकडा सांगतो."

आणि मग त्यानं ती नियमावली काढून पहिलं पान दाखवलं. कौतुकानं दाखवलं हं! "तुमचे बंधूच ना हे?" तुझं नाव. मग ती हरकत त्यानं तुझ्याकडेच पाठवून दिली, आणि तुझ्या तीन ओळी आल्या.

पूर्वी कसं होतं ते तू विसरलास का रे? तूच इथं अकरा वर्षं होतास. प्रत्येक शिंपल्याला पट्टे बांधून ओढायचे, वाकवायचे. मग त्या आवाजाच्या खोलीत घालून त्याच्यावर इतकं किंचाळायचे की भिंतीबाहेर आमचे दात शिवशिवायचे. आणि शेवटी मोठ्या शेडमध्ये दोन्ही शिंपले जोडून एका झटक्यात उघडायचे, धडाड्! गावातली सगळी कुत्री भुंकायला लागायची. त्यातून उतरला तर शिंपला खरा. आता काय, तर जातीचा पहिला एक तपासायचा, आणि बाकीच्यांच्या वेळी फक्त त्यांच्याबरोबर भाजलेला वीतभर तुकडा ओढून बघायचा. तुकडा टिकला की शिंपला टिकला. कुणी काढलं हे डोकं? तू.

मी तुझ्याकडे जास्त काही मागत नाही. फ्लोरिडात कुणालातरी शिंपल्यापाशी पाठव. दाराच्या डावीकडे, कडेपासून तीन वीत. नाण्यानं वाजवू दे, चमच्यानं वाजवू दे. बहिरा नसला की झालं.

कारण विचारू नकोस. मला ऐकू आलं, एवढं पुरे.

नेल्डा


१२ मार्च, मंगळवार

डॉयल स्टिडम साहेब,

या वेळी अकरा ओळी. प्रगती आहे. वर मात्र अजून "श्रीमती प्रुइट"च.

कोणत्या दिवशी कापड लावलं, कोणत्या ताग्यातलं, ताग्याच्या कार्डावर किती तास भरले होते, आवाजाखेरीज दुसरा पुरावा काय? अरे, पोलीस आहेस की भाऊ? बहीण सांगते आहे ते पुरत नाही, कागद हवा. कागदाचं वेड तुला पहिल्यापासून. त्या कागदानंच माझ्या नवऱ्याला घालवलंस.

हो, काढते मी तो विषय. तू नाही काढणार. हॉलिसकडे फ्रीझर होता. त्यातलं ते डिंक पाजलेलं काळं कापड गार राहतंय ना, हे दर चार तासांनी बघायचं आणि वहीत लिहायचं, हे त्याचं काम. तो काटा बिघडलेला होता हे सगळ्या शेडला माहीत होतं. आणि तू काय लिहून दिलंस? "नोंदी प्रत्यक्ष न बघता केलेल्या दिसतात." मेव्हणा, ज्याच्या घरी तू रविवारचं जेवायचास, ज्यानं तुला गाडी चालवायला शिकवली! त्याला विचारायचं तरी होतंस. बारा वर्षांची नोकरी एका कागदावर गेली. आता तो चर्चच्या दफनभूमीतलं गवत कापतो आणि लोकांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्या रविवारी मी तुझं ताट उचलून पायरीवर कुत्र्यापुढे ठेवलं, ते तुझ्या लक्षात असेल. असू दे. मी काही माफी मागायला बसलेली नाही.

तुझी अकरावी ओळ मी चारदा वाचली. "आपल्या टेबलावरून आलेला एकही साक्षतुकडा गेल्या अठरा वर्षांत कमी भरलेला नाही. या नियमावलीचा पायाच तो आहे."

हे खरं आहे का? माझ्याच टेबलाचे तुकडे? की सगळीकडचे? ते कळव.

चुलीवर बीन्स करपतायत. थांबते.

नेल्डा


१९ मार्च, मंगळवार

डॉयल,

तुझं उत्तर नाही, पण केंडलनं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्याच टेबलाचे, मिस नेल्डा. अठरा वर्षांचे नऊशे तुकडे. एवढा एकसारखा निकाल देशात कुठेच नाही. तुमच्या भावानं ते आकडे मोठ्या लोकांपुढे मांडले म्हणून तर नियम बदलला." आणि माझा हात हातात घेतला त्यानं. अभिनंदन केलं माझं.

मी घरी आले, हातपाय धुतले आणि हॉलिसला समोर बसवलं.

त्याला आधी सांगितलं, आता तुला सांगते. मध्ये बोलू नकोस. पत्रात बोलता येत नाही म्हणा, पण तू मनातल्या मनात बोलतोस, मला माहीत आहे.

शर्टाची गिरणी आठवते? तू शाळेतून येऊन माझ्या यंत्राखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपायचास. तेव्हा शहरातून खरेदीदार यायचा. त्याच्यासाठी नमुन्याचा शर्ट लागायचा. मिस इनेझ, आमची देखरेखवाली, ओरडायची, "नमुना नेल्डा शिवेल, बाकीच्यांनी हात लावू नका!" त्याचं कापड वेगळं ठेवलेलं असायचं, पातळ कागदात गुंडाळून. मी दिवसभर तो एक शर्ट शिवायची. प्रत्येक टाका मोजून, काज हातानं, कॉलर तीनदा दाबून. तो शर्ट बघून खरेदीदार मान हलवायचा, आणि मग पाच हजार शर्ट आम्ही मान मोडून, घड्याळाकडे बघत काढायचो. त्यातला एकही तसा नसायचा. मिस इनेझला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, खरेदीदारालाही माहीत असणार. ती खोटेपणाची गोष्ट नव्हती डॉयल. नमुना म्हणजे आपण जास्तीत जास्त काय करू शकतो ते दाखवायचं. पाहुण्यांपुढे चांगल्या बशा काढतो तसं.

गिरणी बंद पडली आणि या कंपनीनं आम्हा बावीस जणींना घेतलं, का, तर आमच्या हातांना कापड कळतं. पहिल्या आठवड्यात एक पोरगेलासा इंजिनिअर सांगून गेला, "प्रत्येक शिंपल्याबरोबर वीतभर चौकोन करत जा, तो आम्ही तपासायला नेणार." झालं. तपासायला नेणार म्हणजे नमुना! मी सगळ्यांना तसंच शिकवलं. नमुन्यासाठी चांगल्या ताग्यातलं कापड आधीच कापून वेगळं ठेवायचं. शिंपल्याचं काम संपलं, हात ताजे झाले, कॉफी झाली, की निवांत बसून चौकोन करायचा. रूळ एकदा फिरवायचा तिथं तीनदा. मधाच्या पोळ्यासारखी ती पत्र्याची जाळी असते ना, तीही निवडून घ्यायची, एक घर वाकडं नसलेली. आणि भट्टीत मधोमध, जिथं ऊब सगळीकडून सारखी लागते तिथं ठेवायचा.

त्याच ताग्यातलं कापड, तेच हात, तोच वेग, तीच घाई, हे असायला हवं होतं ना? शिंपल्याची जी गत तीच तुकड्याची, म्हणून तर त्याला साक्षीदार म्हणतात. हे मला कधी कळलं सांगू? गेल्या आठवड्यात. तुझी अकरावी ओळ वाचून. त्याआधी अठरा वर्षं मी समजत होते की तो शब्द तुम्हा लोकांचा आहे, असेल काहीतरी.

जोवर प्रत्येक शिंपला ओढला-वाकवला जात होता तोवर आमच्या नमुन्यानं काही बिघडत नव्हतं. खरा निकाल शिंपलाच द्यायचा. आता तुम्ही शिंपल्याला विचारणंच बंद केलंत. फक्त नमुन्याला विचारता. आणि नमुना नेल्डा शिवते.

तू अकरा वर्षं त्या शेडमध्ये होतास. एकदा तरी आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिलास का, की हा तुकडा कोण करतं, केव्हा करतं, कुठल्या कापडाचा करतं? तुकडा हातात आला की यंत्रात घालायचास, आकडा लिहायचास. आकडा बरोबरच असायचा. सगळा दोष मी माझ्या पदरात घेणार नाही. निम्मा तुझा.

आता दुसरं. हे लिहायला मी तीन दिवस टाळलं. चूल घासली, पडदे धुतले.

पंचवीस जानेवारीला शुक्रवारी बर्फाचा इशारा आला. दुपारी दोनला भोंगा झाला आणि सगळे घरी पळाले, कारण डोंगरावरचे रस्ते बंद होणार होते. माझा तागा टेबलावर राहिला. मीच विसरले. हॉलिस एकटा होता आणि त्याला खोकला होता, तेच डोक्यात. मंगळवारी सकाळी सात वाजता येऊन बघते तर तागा तिथंच, हीटरच्या तोंडाशी. दोनशे चाळीस तास बाहेर राहिला की तो फेकायचा. कार्डावर आधीच एकशे नव्वद भरले होते. तुला हिशेब येतो.

नवीन तागे बर्फामुळे रस्त्यात अडकलेले. केंडल दर तासाला येऊन म्हणत होता, "ट्रकची तारीख हलणार नाही, मिस नेल्डा." मी कापडाला बोट लावलं. अजून चिकटत होतं. म्हटलं, माझ्या बोटाला कळतं, कार्डाला काय कळतं! आणि कार्डावर लिहिलं: शुक्रवार, दुपारी दोन, फ्रीझरमध्ये परत.

त्याच कापडानं डाव्या शिंपल्याची ती बाजू झाली. आणि त्याचा साक्षतुकडा मी राखून ठेवलेल्या चांगल्या कापडाचा केला. तो प्रमाणापेक्षा बराच वर भरला. तुझ्याच तीन ओळींत लिहिलंयस.

म्हणून बद्द वाजतंय, डॉयल. कातडं, म्हणजे वरचं कापड, जाळीला धरलेलंच नाही. तूच एकदा जेवताना समजावलं होतंस, की अग्निबाण वर जातो तशी बाहेरची हवा विरळ होते, आणि आत कुठे हवा अडकली असेल तर ती फुगते आणि कातडं उचलून फाडते. मग शिंपला वेळेवर उघडत नाही, किंवा नको तेव्हा उघडतो, आणि आतलं सगळं समुद्रात. तू बिस्किटाचा पापुद्रा उचलून दाखवला होतास आणि मी म्हटलं होतं, "अन्नाशी खेळू नकोस."

आत काय आहे ते केंडलनं सांगितलं. वादळं बघणारा उपग्रह. चौऱ्याहत्तरला असा एखादा नीट डोक्यावर असता तर आईला अर्धा तास आधी कळलं असतं आणि ती तळघरात गेली असती. दोरीवरचे कपडे काढत बसली नसती. मी तेरा वर्षांची होते, तू चार. तुला फक्त आवाज आठवतो म्हणायचास. मला कपडे आठवतात.

आणि एक राहिलं. हॉलिसचा काटा बिघडलेला नव्हता. ज्या दिवशीची दुपारी बाराची नोंद तू खोटी ठरवलीस, त्या दिवशी बारा वाजता तो घरात बसून माझ्या हातची मक्याची भाकरी आणि ताक खात होता. मीच वाढलं होतं. तू लिहिलंस ते खरं होतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ताट उचललं तेव्हाही.

तुझं तू बघ आता.

नेल्डा


२६ मार्च, मंगळवार

बब,

हे पत्र पाकिटात नाही, खोक्यात आहे, कारण बरोबर दोन तुकडे आहेत. एकावर निळा दोरा बांधलाय, एकावर लाल.

मागच्या पत्रानंतर तू गप्प आहेस. माझा छोटा बब होतास, नवव्या वर्षी शाळेची खिडकी फोडून आलास, तेव्हाही तीन दिवस असाच गप्प होतास. तेव्हा मला वेळ होता. आता नाही.

शनिवारी मी आणि आर्वेलानं जादा पाळी घेतली. तो जुना तागा फेकलेला नव्हता. असे तागे आम्ही नव्या मुलींचा हात बसावा म्हणून ठेवतो. त्यातलं कापड घेतलं आणि शिंपला लावतो तस्साच, घाईनं, रूळ एकदा फिरवून चौकोन केला. दुसरा नेहमीसारखा, नमुन्याच्या कापडाचा, लाड करून. दोन्ही एकाच प्लास्टिकखाली घातले, हवा ओढली, एकाच भट्टीत भाजले. लाल दोऱ्याचा माझा नमुना. निळ्या दोऱ्याचा खरा.

निळ्याच्या कडेला नख घाल आणि ओढ. यंत्र नको. उकडलेल्या अंड्याचं साल निघतं तसं निघतं. लाल ओढायला गेलास तर नख मोडेल.

आर्वेला ते बघून तिथंच स्टुलावर बसली. म्हणाली, "नेल्डा, अठरा वर्षं आपण त्यांना रविवारचे चर्चचे बूट दाखवले गं. आणि चालत होतो चिखलातल्या बुटांनी."

मी म्हटलं, "तुझं नाव मी कुठे घेणार नाही."

"घे की! नऊशेतले चारशे माझ्या हातचे आहेत. माझे नमुने तुझ्यापेक्षा चांगले असायचे, तेवढं मात्र लिही." लिहिलं.

काल केंडलकडे गेले. सगळं सांगितलं. ताग्याचं, कार्डाचं, नमुन्याचं. निळा तुकडा त्याच्यासमोर सोलून दाखवला. तो पांढरा पडला. उठून दार लावलं. म्हणाला, "मिस नेल्डा, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू."

"मग परत सांगते," म्हटलं.

"मॅडम, प्लीज. याचा कागद झाला तर तो वकिलांकडे जाईल, मालकांकडे जाईल, महिनाभर कुणी सही करणार नाही. तोवर तो वर गेलेला असेल. आणि तुम्ही घरी बसाल. पेन्शनला दोन वर्षं राहिलीयत तुमची."

"आणि तो वर जाताना फाटला तर?"

"साक्षतुकड्याचा निकाल आपल्या बाजूनं आहे," म्हणाला. तो तुकडा समोर सोललेला पडला होता, बब, आणि तो मला हे म्हणाला. मी तोंडातून निघालं ते बोलले. चर्चमध्ये सांगता येण्यासारखं नव्हतं.

तरी कागद मी केलाय. माझ्या अक्षरात, दोन पानं, खाली सही आणि तारीख. एक प्रत त्याच्या टेबलावर ठेवून आले, ती ड्रॉवरमध्ये गेली. दुसरी या खोक्यात आहे. त्यात तुला वाचवलेलं नाही की मला. नियमावलीचा पाया आमच्या नमुन्यांचा आहे, हे सरळ लिहिलंय. ते बाहेर आलं की तुझी ती नियमावली रद्द होईल, तुझं नाव खाली येईल, हे मला कळतं. लहानपणी तुझं काही मोडलं की मी चिकटवून द्यायची. हे चिकटत नाही.

रात्रीच्या जेवणाला बसलो होतो तेव्हा हॉलिसला म्हटलं, "मी त्याच्याकडे पाठवतेय कागद. तू ज्याचं नाव घेत नाहीस त्याच्याकडे."

त्यानं भाकरी ताकात चुरली. मग म्हणाला, "मी वहीत लिहिलं होतं तेव्हा निदान कापड गारच होतं."

"होय, तू मोठा साधू."

"मग आता काय, त्याचं ताट परत मांडायचं का?"

"आधी तो येतो का बघू," मी म्हटलं.

"कुत्रा मेलाय म्हणावं," हॉलिस म्हणाला. "पायरीवर ठेवलंस तरी आता खाणारं कुणी नाही." आणि स्वतःच हसला. सात वर्षांत तुझ्यावरून पहिल्यांदा हसला.

आता काम.

पुढच्या बुधवारी, तीन एप्रिलला, ते शिंपले उपग्रहाभोवती बंद करणार. केंडलच्या भिंतीवर वेळापत्रक आहे, मी बघून आले. चौऱ्याहत्तरला आई गेली तीच ही तारीख, ते मी तुला सांगायला नको. एकदा बंद झाले की आतून त्या जागेला कुणाचा हात पोचणार नाही. केंडल सही करणार नाही. मालक करणार नाहीत. थांबवायची सही फक्त तुझी चालते, हे त्या नियमावलीच्या शेवटच्या पानावर तूच लिहून ठेवलंयस. आर्वेलाच्या मुलीनं मला वाचून दाखवलं.

थांबवायचं, शिंपला खाली घ्यायचा, आणि जुन्या रीतीनं ओढून बघायचा. मला काय व्हायचं ते होऊ दे. मी डबा भरून कंपनीच्या दारात उभी राहीन आणि विचारतील त्याला सांगेन.

मला तुझ्याकडून हो किंवा नाही हवंय. मंगळवार, दोन एप्रिल, दुपारी चार वाजता माझी पाळी सुटते, तोपर्यंत. स्वयंपाकघरातला फोन तोच आहे, नंबर तोच आहे, हॉलिस त्याच्याशेजारी बसून राहील म्हणालाय. चार वाजून गेले आणि फोन वाजला नाही, तर पाचच्या बसनं मी फ्लोरिडाला निघते. बोटात अंगुस्तान, पिशवीत निळा दोरा, आणि त्या फाटकापाशी जो कुणी येईल, शिपाई असो की बातमीवाला, त्याला सगळं सांगते. मी निघते म्हटलं की निघते, तुला माहीत आहे.

फोन करायला जीभ उचलत नसेल तर चिठ्ठी पाठव. तीन ओळी चालतील. पण वर श्रीमती प्रुइट लिहू नकोस. लहानपणी काय हाक मारायचास ते लिही, म्हणजे मी उघडीन.

मंगळवार. चार वाजेपर्यंत.

नेल्डा